'सुटला' म्हणजे काय?

शब्दांचा कीस काढणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. पण एका साध्या क्रियापदाने माझी झोप उडवावी, असा प्रसंग गेल्या उन्हाळ्यात प्रथमच आला.

आमच्या वरच्या मजल्यावर अण्णा राहतात. निवृत्त कारकून, सरळमार्गी गृहस्थ. एका रात्री दोन पोलीस आले आणि त्यांच्या मुलाला घेऊन गेले. कोठे, कशासाठी, काही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी उलगडा झाला. हवा होता तो याच नावाचा दुसरा इसम! "जा घरी," एवढे म्हणून मुलाला सोडून दिले.

संध्याकाळी जिन्यात समोरच्या काकू म्हणाल्या, "अण्णांचा मुलगा सुटला हो!" बोलण्यात मायाच होती. पण वाचकहो, मासा गळातून सुटतो, चोर शिक्षेतून सुटतो. ज्याने काही केलेच नाही, तो सुटणार कशातून?

"प्रोफेसर, मला पैसे नकोत," अण्णा म्हणाले. "याची काही चूक नव्हती, एवढे कोणीतरी कागदावर लिहून द्यावे."

हे लिहायचे कोणी? ज्यांनी नेले त्यांनीच चौकशी करायची, तर ती चौकशी कसली? सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकाश सिंह खटल्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळी प्राधिकरणे नेमा, असे राज्यांना बजावले, ते याचसाठी. महाराष्ट्राने २०१४ साली कायद्यात तशी तरतूद केली. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. सभासदांत पोलीस अधिकारी असतात, तशी नागरिकांतली एक नामवंत व्यक्तीही असते. प्राधिकरण स्वतः शिक्षा करीत नाही. चौकशी करून सरकारला अहवाल देते.

"पण अटक नव्हतीच, नुसते चौकशीला नेले होते, असे म्हणतील ना?" अण्णांची शंका रास्त होती. मात्र रीतसर पद्धत न पाळता केलेल्या अटकेप्रमाणे, तसेच अडकवून ठेवणेही या तक्रारीत बसते. आणि पद्धत कोणती, ते १९९६ सालच्या डी. के. बसू खटल्याच्या निकालात स्वच्छ सांगितले आहे. पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी हवी; अटकेची तारीख-वेळ लिहिलेला पंचनामा हवा; त्यावर घरच्या माणसाची किंवा मोहल्ल्यातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही हवी; नातलगाला कळवायला हवे. अण्णांच्या घरी यांतले एकही झाले नव्हते.

मग आम्ही दोघे अर्ज लिहायला बसलो. अण्णांच्या मसुद्यात 'अन्यायाचा कळस' होता, 'घोर विटंबना' होती. मी ती विशेषणे खोडली. किती वाजता आले, किती वाजता सोडले, काय विचारले, काय सांगितले नाही, एवढेच ठेवले. आयुष्यभर मुलांना भाषासौंदर्य शिकवले. पण इतकी कोरडी आणि इतकी खरी मराठी मी क्वचितच लिहिली असेल.

राहिली साक्ष. पोलिसांच्या भानगडीत सही कोण देणार? अण्णा कोणाच्या दारी जायला तयार नव्हते. मीच समोरचे दार वाजवले. काकू क्षणभर थांबल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "सव्वाअकरा वाजले होते. मी दुधाचे भांडे झाकत होते." आणि सही केली.

उत्तर अजून यायचे आहे. पण आमच्या जिन्यात 'सुटला' हा शब्द आता कोणी उच्चारत नाही. 'परत आला' असे म्हणतात.