कपाटातली पेटी उघडा

केंद्र शासनाने २०१६ साली अटल टिंकरिंग लॅबची योजना सुरू केली. निवडलेल्या शाळेला २० लाख रुपये, त्यांतले १० लाख प्रयोगशाळा उभारायला. सहावी ते बारावीच्या मुलांनी रोबोट जोडावा, मोडावा, पुन्हा जोडावा हा हेतू. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी ५० हजार लॅबची घोषणा झाली. म्हणजे ही पेटी आपल्या पोरांच्या शाळेतही येणार. ती उघडणार कोण?

कित्येक ठिकाणी ती कपाटात कुलूपबंद असते. गुरुजींची भीतीही खोटी नाही. नट हरवला तर डेड स्टॉक रजिस्टरला उत्तर द्यावे लागते, आणि सोबतच्या पत्रकातली नावे त्यांनाही परकी. शाफ्ट कॉलर, स्टँडऑफ, आयडलर!

नावे परकी आहेत, वस्तू नाहीत. शाफ्ट कॉलर म्हणजे दांड्यावर बसणारी कडी. तिचा बारीक स्क्रू आवळला की दांडा सरकत नाही, चाक निसटत नाही. बैलगाडीच्या आसाच्या टोकाची खीळ हेच काम करते. स्टँडऑफ म्हणजे दोन पट्ट्यांत ठरावीक अंतर राखणारी, आतून आटे पाडलेली नळी. आयडलर हे दोन गिअरमधले तिसरे चाक. त्याने वेग बदलत नाही, फिरण्याची दिशा तेवढी बदलते. बारा दात्यांच्या चाकाने साठ दात्यांचे चाक फिरवले तर वेग पाचपट कमी होतो आणि जोर, घर्षणात जाईल तो सोडून, पाचपट वाढतो.

अनोळखी भाग हाती आला की आधी छिद्र पाहावे. गोल असेल तर दांडा त्यात मोकळा फिरू शकतो. चौकोनी किंवा षट्कोनी असून दांडाही तसाच असेल तर दोघे एकत्र फिरतात. नाव नंतर.

गॅरेजात राबणाऱ्या बापाचे पोर हे चटकन सांगते. त्याला 'वायसर' ठाऊक असतो, पण पत्रकातल्या 'वॉशर'पाशी ते अडते आणि ढ ठरते. हाताचे काम एकाला आणि त्या कामाची विद्या दुसऱ्याला, ही वाटणी मनूच्या व्यवस्थेची. ती प्रयोगशाळेत पुन्हा का चालवायची?

मिलिंदप्रश्नात भन्ते नागसेन राजाला विचारतात, आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? तो दृष्टांत अनात्म्याचा, हे खरे. पण एकेक भाग सुटा करून पाहण्याची ती रीत कोणत्याही वर्गात चालेल. नागसेनवनातल्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी प्रश्न विचारणाऱ्या त्या राजाचे नाव दिले. १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या मुलांसाठी विज्ञान व तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाची मागणी केली. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी फारसे साधणार नाही, असेही बजावले. मी स्वतः वकील, तरी हे सांगतो.

आता कायद्याचे. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २१. शासकीय व स्थानिक संस्थांच्या शाळेत व्यवस्थापन समिती असते, तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक, आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणशीर जागा. शाळेला मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेख हे समितीचे काम आहे. तेव्हा आपल्या पालकांनी पुढच्या सभेत लॅबचा हिशेब आणि वापराची नोंदवही मागावी. कपाटाची किल्ली कोणाकडे, तेही विचारावे. स्क्रू हरवण्याची भीती असेल तर भाग वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत आणि प्रत्येक डब्यावर इंग्रजी नावाशेजारी वस्तीतले नाव लिहावे, मुलांच्याच हातून.