जावयाचं घड्याळ आणि मनगटाचं माप

पोहरादेवीहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणतात, तेव्हा नाव नाही. पत्र चांगलं चार पानी आहे. मांडव, जेवणावळ, पाहुण्यांचं येणंजाणं, सगळं त्यात आहे. पण प्रश्न एका घड्याळाचा.

मुलीचं लग्न ठरलंय. रामनवमीची यात्रा आटोपली, गावातली गर्दी ओसरली, की तारीख धरायची. मुलगी एस.टी.त कंडक्टर, मुलगा पुण्याला कारखान्यात. बैठकीत मुलाकडच्यांनी ‘आम्हाला काही नको’ असं चारचौघांत सांगितलं. पुढे पंधरा दिवसांनी मुलाच्या थोरल्या भावाने मोबाइलवर एक फोटो पाठवला. स्टीलचं घड्याळ, आणि त्याची चेन अशी की जणू डबीतूनच उगवली आहे. खाली दोन शब्द : ‘पोराला हौस आहे.’ दुकानात चौकशी केली तर किंमत चाळीस हजारांच्या आसपास. तिथल्याच एकाने कानाशी येऊन सांगितलं, हुबेहूब असंच दोन हजारांत देतो.

बाई विचारतात : हे घड्याळ खरंच चांगलं असतं का? यातलं बेताच्या किमतीचं कुठलं घ्यावं? आणि चेन तुटली तर मानोऱ्याला दुरुस्त होईल का?

तिसरा प्रश्न सगळ्यांत शहाणा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आपल्या नेहमीच्या घड्याळाला वर-खाली दोन-दोन शिंगं असतात. त्या शिंगांत एक बारीक पिन बसते आणि पिनेवर पट्टा. शिंगांमधलं अंतर बहुधा १८, २० किंवा २२ मिलिमीटर अशा ठरलेल्या मापाचं. त्यामुळे पट्टा कुजला, घामाने वास मारू लागला, की बाजारच्या दिवशी घड्याळवाल्याकडे जायचं आणि दहा मिनिटांत दुसरा बसवून घ्यायचा. फोटोतल्या घड्याळाला शिंगंच नाहीत. चेनची पहिली कडी ही डबीच्याच घडणीचा भाग; तिथे चेन रुंद, आणि मनगटाखाली जाता जाता निमुळती. दिसायला देखणंच दिसतं, त्यात वाद नाही. पण त्या खाचेत बसते ती त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची चेन. निसटलेली पिन मानोऱ्याचा किंवा दिग्रसचा कारागीर बसवून देईल कदाचित. कडी मोडली किंवा चाप तुटला तर माल कंपनीकडूनच मागवावा लागणार. म्हणून दुकानात डायलचा रंग बघण्याआधी विचारा : सुटी कडी मिळते का, केवढ्याला, किती दिवसांत? उत्तर देताना दुकानदार घुटमळला तर घड्याळ खाली ठेवा.

हा प्रकार आला कुठून, तेही थोडं सांगते, कारण किमतीचं कोडं त्यातच आहे. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सेको कंपनीने सेलवर चालणारं क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ बाजारात आणलं आणि पुढच्या काही वर्षांत चावीची घड्याळं करणाऱ्या स्वित्झर्लंडची झोप उडाली. १९७२ साली तिथल्या ओदमार पिगे या जुन्या कंपनीने उलटीच चाल केली. जेराल्ड जेंटा नावाच्या आरेखकाकडून त्यांनी आठ कोनांची कड, तिच्यावर उघडे दिसणारे आठ स्क्रू आणि डबीशी एकजीव चेन असलेलं ‘रॉयल ओक’ करून घेतलं. साधं पोलाद, पण किंमत कित्येक सोन्याच्या घड्याळांपेक्षा जास्त. लोक म्हणाले, लोखंडाला एवढे पैसे? आपल्या पत्रलेखिकेच्या यजमानांनीही नेमकं हेच विचारलंय. उत्तर असं की पैसे धातूचे नव्हतेच, मजुरीचे होते. पोलादासारख्या कठीण धातूची प्रत्येक कडी वेगळ्या मापाची कापायची, एक बाजू खरखरीत ठेवायची, कोपरा आरशासारखा करायचा, हे नाजूक काम. १९७६ मध्ये पाटेक फिलिपचं ‘नॉटिलस’ आलं, तेही जेंटांचंच. १९७८ मध्ये टिसोने सेलवर चालणारं, त्या मानाने आवाक्यातलं ‘पी.आर.एक्स.’ काढलं. तेच २०२१ साली नव्याने आलं आणि तरुण मुलांना त्याची भुरळ पडली. फोटोत आहे ते हेच. रॉयल ओक आज वीस लाखांच्या पुढे जातं, तेव्हा त्याचा विषय आपण इथेच सोडू. ‘स्पोर्ट्स’ या शब्दालाही बिचकू नका. ते घालून कुणी कबड्डी खेळत नाही. पाण्याला आणि धक्क्याला टिकेल असं, एवढाच अर्थ.

आता मापाकडे येते, कारण या घड्याळात खरा घोटाळा तिथेच होतो.

तुमच्याकडच्या आजीबाईंना हे समजावून सांगायला नको. बंजारा बायांच्या हातातल्या त्या बलिया, पूर्वी हस्तिदंताच्या किंवा हाडाच्या, पुढे प्लास्टिकच्या, मनगटापासून वर चढत जाणाऱ्या. एकीच्या हाताच्या दुसरीच्या हाताला होतील असं नाही. हे घड्याळही त्याच जातीचं लेणं आहे. चामड्याच्या पट्ट्याला भोकं असतात, जाड-बारीक सगळ्यांना होतो. इथे मात्र दुकानातल्या माणसाने तुमच्या हाताकडे बघून कड्या काढायच्या असतात. मनगटाभोवती दोरा गुंडाळा आणि पट्टीवर मोजा. साडेसोळा सेंटिमीटरच्या आत भरलं तर डबी ३५ ते ३७ मिलिमीटरची पुरे; साडेसतराच्या पुढे असेल तर ४० चालेल. पहिली कडी ताठ बाहेर येत असल्यामुळे हे घड्याळ आकड्यापेक्षा मोठंच दिसतं. घालून बघा : चेन मनगटाच्या कडेवरून लगेच खाली वळली पाहिजे. कडेला फट राहून त्यातून बोट जात असेल तर ते घड्याळ त्या हाताचं नाही, मग दुकानदार कितीही ‘फॅशन आहे’ म्हणो. आपल्या वऱ्हाडात उन्हाळ्यात दुपारी हात सुजल्यासारखा होतो. म्हणून सकाळी थंड दुकानात अगदी घट्ट माप घेऊ नका. अर्धी कडी मिळते का, चापात थोडं सैल-घट्ट करायची सोय आहे का, विचारून घ्या. काहींत असते, काहींत नसते.

म्हणजे फोटो बघून, दुसऱ्यासाठी, डब्यात बांधून आणायची ही वस्तूच नव्हे. ज्याच्या हातात जायची तो हात दुकानात हजर पाहिजे.

काचेचं थोडक्यात. साध्या काचेवर आपल्या रस्त्यावरची धूळ ओरखडे काढते, कारण धुळीत वाळूचे कण असतात आणि ते काचेपेक्षा कठीण. ‘सफायर’ म्हणून जी काच मिळते ती कारखान्यात केलेल्या नीलमाची; तिच्यापुढे वाळू हरते. चाळीस हजार मोजायचे तर सफायरच हवी. पाण्याचं मात्र नीट ऐका. डबीच्या पाठीवर ३० मीटर लिहिलंय म्हणजे ३० मीटर खोल विहिरीत उडी घ्यायची नव्हे. ते चार शिंतोडे सोसणारं. हात-तोंड धुताना ५० चालेल. पोहायचं असेल, भर पावसात गाडी चालवायची असेल तर १०० लिहिलेलं बघा. आणि सेल बदलताना मागचं झाकण उघडलं की आतलं रबर तपासून, पाण्याची चाचणी करून घ्यायला सांगा. हे कुणी आपणहून करत नाही.

स्वच्छतेसाठी जुना मऊ टूथब्रश, कोमट पाणी आणि अंगाच्या साबणाचा फेस. मात्र १०० मीटरवाल्यालाच, आणि चावीचं बटण नीट आत दाबून. घाम आणि धूळ मिळून कड्यांमध्ये काळा गाळ साचतो, तो आतल्या पिना झिजवतो. ओरखडे पडणारच. ते घालवायला पितळेच्या तांब्यासारखं घासू नका, दुकानात पॉलिशही पुन्हा पुन्हा करू नका. कोपऱ्यांची धार गेली की घड्याळाचं रूप गेलं.

दोन हजारांचं ‘हुबेहूब’? अजिबात नको. पातळ पत्रा दुमडून केलेल्या पोकळ कड्या, हाताचे केस ओढणाऱ्या, कातडीला कापणाऱ्या. वरचा मुलामा उडाला की आतल्या धातूने खाज सुटते, काहींना पुरळ येतं. शिवाय दुसऱ्याचं नाव छापलेली वस्तू जावयाला द्यायची आणि त्याने ती कारखान्यातल्या चार मित्रांत दाखवायची, त्यात शोभा काय? स्वतःच्या नावाने अशा घडणीची चेन देणारी बेताच्या किमतीची घड्याळं मिळतात. कॅसिओने २०१९ मध्ये आठ कोनांचं, प्लास्टिकच्या पट्ट्याचं एक हलकं घड्याळ काढलं, ते काही हजारांतच येतं आणि तरुणांना आवडतंही.

एवढं खरेदीचं झालं. आता तुम्ही न विचारलेलं.

पत्रात तुम्ही लिहिलंय, ‘सोयाबीनचे पैसे आलेत, त्यातून भागवू.’ २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. चाळीस हजार म्हणजे साडेसात क्विंटल सोयाबीन, तेही हमीभाव हातात पडला तर. सोनं-चांदी अडीनडीला मोडता येते. हे घड्याळ दुकानाची पायरी उतरलं की त्याची किंमत उतरते, आणि मोडीला तर काहीच येत नाही. ज्याला ते घालायचा आनंद आहे त्यानेच, आपल्या कमाईतून, घ्यायची वस्तू ती.

आणि बाई, ‘काही नको’ म्हटल्यानंतर आलेला फोटो म्हणजे मागणीच की हो. १९६१ साली दोन गोष्टी घडल्या. बंगळूरला एचएमटीची घड्याळं तयार होऊ लागली, आणि हुंडाबंदीचा कायदा झाला. पुढची कित्येक वर्षं नवऱ्या मुलाला ‘घड्याळ, सायकल, ट्रान्झिस्टर’ ही त्रयी लग्नात मागितली जायची, आणि मागणारे म्हणायचे, हा काही हुंडा नव्हे, हौस आहे. एचएमटीचं घड्याळांचं काम सरकारने २०१६ मध्ये गुंडाळलं. हौस तेवढी राहिली. कायद्याला हौस कळत नाही. मागून घेणं गुन्हा, देणंही गुन्हा. न मागता, ऐपतीप्रमाणे, रीतीला धरून दिलेली भेट चालते. तिचीही यादी करून ठेवावी असं १९८५ चे नियम सांगतात. तांड्यातल्या जुन्या रीतीत तर देणं मुलाकडून मुलीकडे जायचं. तुमच्या सासूबाईंना विचारा, त्यांना आठवत असेल. ती रीत परत आणा असं मी म्हणत नाही. पण जावयाला घड्याळ हे काही पूर्वापार चालत आलेलं नाही, एवढं भावाला सांगायला हरकत नाही.

माझं ऐकाल तर भावाला फोन करूच नका. मुलाशी बोला, आणि तुम्ही नव्हे, मुलीनेच बोलावं. तो फोटो त्याने पाठवायला सांगितला होता की थोरल्याने परस्पर पाठवला, हे लग्नाआधी कळलेलं बरं. ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणाला तर आनंद आहे. पुण्यात दुकानं आहेत, मनगट त्याचं आहे, पगारही आहे. ‘माहीत होतं’ म्हणाला, तर पुढचं पत्र मला जरूर लिहा, तारीख धरायच्या आत.

पत्राच्या शेवटच्या पानावर, अगदी कडेला, तुम्ही लिहिलंय की मुलीच्या हातातलं घड्याळ दोन महिने बंद आहे आणि ती मोबाइल बघून वेळ नोंदवते. एका हाताने दांडी धरायची, दुसऱ्याने तिकीट द्यायचं, मोबाइल काढायचा कुठल्या हाताने? तेव्हा देण्याची हौस असेलच तर आठ-दहा हजारांपर्यंत तिच्यासाठी बघा. तिच्या सुट्टीच्या दिवशी तिला सोबत घेऊन जा. सेलवरचं, हलकं, १०० मीटरवालं, डबी ३५-३६ ची. दांडीवर घासणारा हात आहे, म्हणून चकचकीत चेनपेक्षा खरखरीत बरी. आणि एकजीव चेनच्या मोहात न पडता शिंगांचं घ्या, म्हणजे पट्टा मानोऱ्याला बदलता येईल. काढलेल्या कड्या मागून घ्या, छोट्या पुडीत बांधून वॉरंटी कार्डाबरोबर ठेवा. कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख तिथल्या तिथे घालून घ्या, आणि पावती मुलीच्या नावाने करा.