दर्जा संघसंख्येने ठरत नाही

इंग्लंडचे कौंटी क्रिकेट श्रेष्ठ की ऑस्ट्रेलियाची शेफील्ड शील्ड स्पर्धा श्रेष्ठ, हा क्रिकेटरसिकांतील जुना वाद आहे. १८९२-९३ मध्ये सुरू झालेल्या शील्ड स्पर्धेत आज अवघे सहा संघ आहेत. इंग्लंडमध्ये अठरा कौंट्या खेळतात. जागा थोड्या आणि उमेदवार अनेक, म्हणून ऑस्ट्रेलियातील प्रत्येक सामना कस पाहणारा होतो, असे एका पक्षाचे म्हणणे. १९८९ ते २००२-०३ या काळात ऑस्ट्रेलियाने लागोपाठ आठ ॲशेस मालिका जिंकल्या, तेव्हा या पक्षाला बळ मिळाले. मायदेशाने ज्याला एकच कसोटी सामना दिला, तो स्टुअर्ट लॉ एसेक्स व लँकेशायर या कौंट्यांसाठी वर्षानुवर्षे धावांच्या राशी रचीत होता. २००० पासून इंग्लंडने कौंट्यांच्या दोन श्रेणी केल्या. ती या टीकेची एक प्रकारे कबुलीच होती.

तथापि संघ थोडे असले की दर्जा आपोआप वाढतो, हा निष्कर्ष घाईचा होईल. त्याची परीक्षा महाराष्ट्रातील वाचकाला घरबसल्या करता येते. रणजी करंडक स्पर्धेत आज अडतीस संघ आहेत आणि त्यांपैकी मुंबई, विदर्भ व महाराष्ट्र हे तीन संघ एकाच राज्यातील आहेत. तिघांना नियम तेच, स्पर्धा तीच. फळ मात्र निराळे. मुंबईने २०२३-२४ मध्ये बेचाळिसाव्यांदा करंडक जिंकला. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा तो नागपुरास नेला. महाराष्ट्र संघाने प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० व १९४०-४१ असे लागोपाठ दोन करंडक मिळविले. त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ या तीन अंतिम सामन्यांत त्याच्या वाट्याला पराभवच आला.

याचे कारण वरच्या स्पर्धेत नाही, तिच्याखालच्या पायऱ्यांत आहे. मुंबईत शालेय मुलांसाठी हॅरिस व गाइल्स ढाली, क्लबांसाठी भर पावसाळ्यात १९४८ पासून चाललेली कांगा लीग आणि नोकरदारांसाठी टाइम्स ढाल अशी अखंड शिडी उभी राहिली. मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे करंडक राखला, तो या शिडीच्या बळावर. ऑस्ट्रेलियाच्या सहा संघांखालीही शहरोशहरीच्या क्लबांचे असेच कडवे क्रिकेट आहे. सहा हा आकडा दिसतो; त्याखालचा पाया दिसत नाही.

विदर्भाचे उदाहरण अधिक बोलके आहे. स्वतंत्र संघ असूनही सुमारे साठ वर्षे त्याला अंतिम सामना गाठता आला नव्हता. पहिल्या दोन विजयांच्या वेळी चंद्रकांत पंडित हे प्रशिक्षक आणि वसीम जाफर हे फलंदाज मुंबईहून आलेले होते, हे खरे. परंतु २०२४-२५ मध्ये विक्रमी ६९ बळी घेणारा हर्ष दुबे आणि ९६० धावा करणारा यश राठोड हे विदर्भाच्याच वयोगट संघांतून वर आले. निवासी प्रबोधिनी आणि लहान वयातील निवड यांचे हे पीक होय.

आता मराठवाड्याकडे पाहावे. १९५६ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद राज्यात होता. आज त्याची वाट पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेतून जाते. गुणांचा येथे दुष्काळ नाही. औरंगाबादचे इक्बाल सिद्दिकी २००१ मध्ये इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळले. बीड जिल्ह्यात जन्मलेल्या संजय बांगर यांनी २००२ मध्ये हेडिंग्लेच्या कठीण खेळपट्टीवर सलामीला येऊन ६८ धावा केल्या. पण ते रणजी क्रिकेटमध्ये नावारूपाला आले रेल्वेच्या संघातून. जालन्याच्या विजय झोलने २०१४ मध्ये एकोणीस वर्षांखालील भारतीय संघाचे नेतृत्व केले. ही नावे अभिमानास्पद आहेत; परंतु एकेकट्याने चढलेल्या माणसांवरून तेथे जिना होता असे सिद्ध होत नाही.

खुलताबादसारख्या तालुक्याच्या गावातील होतकरू मुलाचा विचार करावा. जिल्ह्याचे ठिकाण पंचवीस किलोमीटरवर, तर पुणे अडीचशे किलोमीटरच्या घरात. निवड चाचणीस जायचे तर वडिलांचा रोज बुडतो, एस.टी.चे भाडे पडते आणि परीक्षेचा आठवडा हुकतो. एका दुपारच्या दहा चेंडूंत त्याचे भवितव्य ठरते. मुंबईचा मुलगा एका डावात अपयशी ठरला तर पुढच्या आठवड्यात दुसरा डाव खेळतो. येथला मुलगा पुढच्या वर्षाची वाट पाहतो. दर्जातील खरे अंतर हे आहे.

मग मराठवाड्याचा स्वतंत्र संघ हा उपाय आहे काय? विदर्भाची ती साठ वर्षे त्याचे उत्तर देतात. पायऱ्यांवाचून मिळालेला संघ म्हणजे अडतिसात एकाची भर, एवढेच. जिल्हा पातळीवर हंगामभर चालणारी साखळी स्पर्धा, तालुक्याच्या ठिकाणी एक चांगली खेळपट्टी व एक वेतनी प्रशिक्षक, आणि खेळाडूला पुण्यास बोलावण्याऐवजी त्याच्या गावाकडे येणारे निवडकर्ते, एवढे आधी व्हावे. करंडक कोणाच्या कपाटात आहे यावरून संघाचा दर्जा कळेल. प्रदेशाच्या क्रिकेटचा दर्जा मात्र त्याच्या सर्वांत दूरच्या शाळेतील मुलाला वर्षात किती डाव मिळतात, यावरूनच मोजावा लागेल.