केवळ आकड्याने भागणार नाही

साठी ओलांडलेल्या गृहस्थाच्या रक्ततपासणीत ‘पीएसए’चा आकडा वाढलेला निघाला की साऱ्या घरावर चिंतेचे सावट पसरते. वास्तविक हा आकडा प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाने वाढतो, तसाच वयोमानानुसार ग्रंथी मोठी झाल्यानेही वाढतो. या ग्रंथीतील प्रतिजनाविषयी १९७० साली संशोधन करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ रिचर्ड ॲब्लिन यांनीच २०१० साली या चाचणीच्या सरसकट वापराविरुद्ध जाहीर इशारा दिला. कारण आयुष्यभर उपद्रव न देणाऱ्या गाठींवरही शस्त्रक्रिया होत राहिल्या आणि कित्येकांचा लघवीवरील ताबा कायमचा गेला.

ही उणीव भरून काढण्यास आता जनुकशास्त्र पुढे आले आहे. या कर्करोगात ‘जीएसटीपी१’ हे जनुक रासायनिक शिक्के बसून मुके होते, हे १९९४ साली उघड झाले. सुईने काढलेल्या तुकड्यात गाठ हुकली, तरी शेजारच्या पेशींवर हे शिक्के आढळू शकतात. ‘बीआरसीए२’मधील जन्मजात दोष तर उग्र रोगाचा धोका सुचवतो, तोच दोष मुलीकडे गेल्यास तिला स्तनाच्या कर्करोगाचे भय असते.

बीआरसीए जनुकांच्याच खटल्यात, निसर्गदत्त जनुकावर कोणाचा मालकीहक्क चालणार नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. तोच न्याय पुढे नेऊन आम्ही म्हणतो, या चाचण्या सरकारी इस्पितळात सामान्य रुग्णाला परवडतील अशा मिळाल्या पाहिजेत. शस्त्र कोणावर चालवावे हे त्याच्या खिशाने नव्हे, रोगाच्या स्वभावाने ठरावे.