‘मसान’ : उंबरठ्यावर थांबलेला प्रश्न

हिंदी चित्रपटात प्रेमाला श्रीमंती-गरिबी आडवी येते, घराण्यांचे वैर आडवे येते. जात मात्र आडनावासह पडद्याबाहेर ठेवली जाते. नीरज घेवान यांनी ‘मसान’मध्ये (२०१५) हा संकेत मोडला, म्हणून या चित्रपटाचे मोल आम्ही मोठे मानतो. कानच्या महोत्सवात त्याला दोन पुरस्कार मिळाले, ही गोष्ट त्यानंतरची.

दीपक हा काशीच्या घाटावर प्रेते जाळणाऱ्या डोम कुटुंबातील मुलगा. स्थापत्य अभियांत्रिकी शिकून त्याला या धगीतून बाहेर पडावयाचे आहे. शालू गुप्ता सवर्ण घरातील, शेरोशायरीत रमणारी. फेसबुक, दुर्गापूजेची गर्दी, आकाशात सोडलेले फुगे अशा लहानसहान गोष्टींतून त्यांचे प्रेम फुलते. विकी कौशल व श्वेता त्रिपाठी यांच्या अभिनयात कोठेही कृत्रिमता नाही. आपले घर कोठे हे सांगण्याचे टाळणारा दीपक अखेर संतापून आपले काम आणि आपली वस्ती तिला सांगून टाकतो, तो प्रसंग आम्हांस सर्वांत अस्सल वाटला. जात लपविण्याचा हा शीण शहरात शिकावयास गेलेल्या आपल्या अनेक मुलांनी सोसला आहे. खोली भाड्याने घेताना, खानावळीत, कोणी सहज म्हणून पूर्ण नाव विचारले तेव्हा. तो इतक्या नेमकेपणाने पडद्यावर क्वचितच आला असेल.

आमचा आक्षेप त्यापुढील भागाला आहे. घरच्यांनी नाकारले तरी तुझ्याबरोबर येईन, असे शालू दीपकला कळविते. आता खरी कसोटी लागावयाची, तोच यात्रेच्या बसला अपघात होतो आणि तिचे प्रेत दीपकच्याच घाटावर येते. प्रसंग काळीज पिळवटणारा आहे, यात शंका नाही. परंतु गुप्ता कुटुंबाला काही उत्तर द्यावेच लागत नाही. जातीने जे केले असते ते अपघाताने उरकले. जात निर्दोष सुटली. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरील आपल्या भाषणात मिश्रविवाह हा जातीवरील खरा इलाज मानला. मात्र बहुसंख्य हिंदू तो का स्वीकारत नाहीत, हेही तेथेच विचारले आणि त्याचे मूळ शास्त्रांवरील श्रद्धेत दाखविले. ‘मसान’ त्या प्रश्नाच्या उंबरठ्यापर्यंत येतो आणि शोकाकडे वळतो.

देवी पाठकचे कथानक, पोलीस अधिकाऱ्याची खंडणी आणि बापाची घुसमट यांमुळे, प्रभावी आहे. गंगेत फेकलेल्या अंगठीने पाठकांचे देणे फिटावे हा योगायोग मात्र पटत नाही. शेवटी दीपक आणि देवी प्रयागच्या संगमावर एका नावेत बसतात. दुःख नदीच्या स्वाधीन करण्याची ही रीत आम्हांस खटकली. त्या नावेत पुन्हा एक सवर्ण मुलगी आणि एक डोम तरुण आहे, हे चित्रपट उच्चारीत नाही. आमच्या मते खरी कथा त्या नावेपासून सुरू होते.