बादली लहानच ठेवा

मे महिन्यात चार दिवस लग्नाला गेलो. परत बडोद्याला येऊन पाहतो तर दिवाणखान्याची फरशी ओली! आमच्या शंभर लिटरच्या खाऱ्या टाकीत पाण्याची पातळी सांभाळणाऱ्या सेन्सरच्या फ्लोटवर गोगलगाय जाऊन बसली होती. फ्लोट वर येईना, त्यामुळे मोटर वीस लिटरच्या बादलीतलं सगळं गोडं पाणी टाकीत ओतून मोकळी झाली.

उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालायची. पण एकदम वीस लिटर पडलं, की लिटरला ३५ ग्रॅम असलेलं मीठ २९ वर येतं. आमच्या प्रवाळाला हा झटका सोसला नाही.

आता बादली पाच लिटरची. सेन्सर फसला तरी मीठ ३३ च्या खाली जात नाही. फ्लोट दर रविवारी पुसून, बोटानं वरखाली करून पाहतो. तो वेव्ह पंपासमोर लावू नका. लाटांनी मोटर सारखी चालू-बंद होते. खाणं टाकताना वेव्ह पंप दहा मिनिटं बंद ठेवा, पण पुन्हा चालू करायला विसरू नका. पाणी हललं तरच माशांना पुरेसा प्राणवायू मिळतो.

आणि गावाला जाताना शेजारच्या काकूंकडे किल्ली द्या. फरशी ओली आहे का, एवढं त्या नक्की बघतील.