आयरिश भाषा कोणी मारली?

आयर्लंडची भाषा इंग्रजांनी मारली, असे सरसकट म्हटले जाते. आम्हांला हे अर्धसत्य वाटते. १८३१ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शाळांनी आयरिशला उंबऱ्याबाहेर ठेवले, हे खरे. १८४५ पासूनच्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसे दगावली, त्यांत आयरिश बोलणारे गोरगरीबच अधिक, हेही खरे. परंतु मूल घरी आयरिश बोलले की त्याच्या गळ्यातील काठीवर खाच पाडीत ते कित्येकदा आईबापच; शाळेत गुरुजी त्या खाचा मोजून छड्या मारीत. कॅथलिकांचे कैवारी डॅनियल ओ'कॉनेल यांना आयरिश उत्तम येई, पण तिच्या ऱ्हासाची खंत नव्हती. मेनूथच्या गुरुविद्यालयानेही इंग्रजीचीच कास धरली. या दोषातून धर्मगुरूंची सुटका नाही.

१९३७ च्या राज्यघटनेने आयरिशला पहिल्या राजभाषेचा मान दिला. २०२२ च्या जनगणनेत १८ लाखांहून अधिक लोकांनी ती येत असल्याचे सांगितले. शाळेबाहेर ती रोज बोलणारे मात्र ७२ हजारही भरले नाहीत. पोटासाठी इंग्रजी शिकण्यात पाप नव्हते. ती शिकण्यासाठी मायबोली टाकावीच लागते, हा समज आयर्लंडला भोवला.